बॅटरी नवी, डायनेमो भरलेला, तरी चार्जिंगचा दिवा विझत नाही: जुन्या ट्रकची वायरिंग कशी तपासावी

कापसाचा हंगाम लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, पांढरकवडा पट्ट्यातले जुने ट्रक पुन्हा रस्त्यावर येतात. पावसाळाभर शेडात नाहीतर बाभळीखाली उभ्या असलेल्या या गाड्यांची तक्रारही ठरलेली असते. “भाऊ, बॅटरी बसते. मागच्या साली डायनेमो भरून आणला, कटआउट बदलला, यंदा बॅटरीबी नवी टाकली. आठ-पंधरा रोज बरं चालते अन् मंग पुन्हा तेच. सेल्फ नुसता टकटक करते.”

डायनेमो म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, तो ‘भरणं’ म्हणजे त्यातली तांब्याची तार नव्याने गुंडाळणं, आणि कटआउट म्हणजे डायनेमोला बॅटरीशी आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करताना हे गाऱ्हाणं मी सतत ऐकतो, आणि त्यावर माझं मत ठाम आहे. ज्या गाडीत हा दोष फिरून फिरून येतो, तिथे तो बहुतेक वेळा डायनेमोत, कटआउटमध्ये किंवा बॅटरीत नसतोच. या तिघांना जोडणाऱ्या तारांत, सांध्यांत आणि अर्थमध्ये, म्हणजे चेसिसमधून करंट बॅटरीकडे परत येण्याच्या वाटेत, असतो. सुटा भाग बदलला की थोडे दिवस बरं वाटतं, त्याचंही कारण आहे. भाग बदलताना जुने नट सुटतात, तारेची टोकं घासली जातात, पुन्हा घट्ट बसतात. सांधा तात्पुरता सुधारतो आणि श्रेय नव्या भागाला मिळतं. मग दसऱ्याला गाडी पाइप लावून धुतली, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्याने दोन-चार खेपा झाल्या, की तोच सांधा परत सैल. मालकाचे पैसे जातात, आणि वर ‘गाडीच खराब आहे’ असं म्हणून ती भंगारात निघते. चांगल्या गाड्या या एका कारणापायी मोडीत गेलेल्या पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

आधी आपल्या गाडीत काय बसवलंय ते ओळखा. १९५४ पासून निघालेले टाटा-मर्सिडीज, १९६९ मध्ये तो करार संपल्यानंतरचे टाटा, प्रीमियरचे डॉज आणि फार्गो, लेलँड कॉमेट, या सगळ्यांत आज मूळ सामान शिल्लक असेलच असं नाही. डायनेमोच्या मागे ‘डी’ आणि ‘एफ’ असे दोन स्क्रू असतील आणि कटआउटच्या डबीवर ए, ए१, एफ, डी, ई अशी अक्षरं असतील तर तो लुकास पद्धतीचा संच. ‘डी प्लस’ आणि ‘डीएफ’ लिहिलेलं असेल तर बॉश पद्धतीचा. दोन्हींची फील्डची (डायनेमोत चुंबक तयार करणाऱ्या कॉइलची) जोडणी सारखी नसते, त्यामुळे एकाची चाचणी दुसऱ्यावर करू नका. गाडी १२ व्होल्टची की २४ ची, आणि बॅटरीचं कोणतं टोक चेसिसला आहे, हेही बघून घ्या. जुन्या लुकास वायरिंगमध्ये प्लस टोक अर्थ केलेलं सापडतं. खाली दिलेले आकडे १२ व्होल्ट आणि मायनस अर्थ धरून आहेत. २४ ची गाडी असेल तर चार्जिंगचे आकडे दुप्पट धरा.

आता मुद्द्याची गोष्ट. कटआउटच्या डबीतला व्होल्टेज रेग्युलेटर, म्हणजे डायनेमोचे व्होल्ट आवरणारा भाग, बॅटरीपाशी किती व्होल्ट पोचले ते बघत नाही. स्वतःच्या स्क्रूवर किती आले ते बघतो. कालव्याच्या मुखाशी माप पुरं भरलं म्हणून पाणी सोडणाऱ्याने दार खाली करावं आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी कोरडा राहावा, तसं इथे होतं. डबीपाशी १४.२ व्होल्ट झाले की रेग्युलेटर फील्ड कमी करतो, आणि वाटेतल्या गंजक्या सांध्यात दीड व्होल्ट गळाला तर बॅटरीला मिळतात जेमतेम १२.७. एवढ्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि नवी बॅटरीही एका हंगामात म्हातारी होते. डायनेमो ठीक, डबी ठीक, बॅटरी ठीक, तरी गाडी धक्क्यावर.

या गळतीचं गणित साधं आहे. सांध्याचा विरोध ०.१ ओहम आणि त्यातून २० अँपिअर करंट, की २ व्होल्ट तिथेच खलास. शिवाय त्या एवढ्याशा जागेत ४० वॅट उष्णता. मागे सुटा कापूस भरलेला असताना एखादा नट इतका तापणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको. सरकी-कापसाची वाहतूक करणाऱ्यांनी ही तपासणी बॅटरी वाचवण्यासाठी नाही केली तरी चालेल, पण आग टाळण्यासाठी कराच. डबीच्या भोवती, वायरिंगच्या लडीवर कापसाचा फुफाटा साचतो. तो ओल धरतो आणि ठिणगीचीही वाट पाहतो. ब्रशने आणि हवेने तो आधी काढा.

मीटर हातात घेण्यापूर्वी चार्जिंगचा दिवा नीट बघा, तो बरंच सांगतो. लुकास पद्धतीत हा दिवा डायनेमो आणि बॅटरी यांच्यामध्ये असतो. दोन्हींकडे सारखे व्होल्ट असले की विझतो, फरक पडला की लागतो. चावी लावली आणि दिवा लागलाच नाही, तर बल्ब किंवा त्याची तार गेली. इंजिन सुरू होऊन रेस वाढवली तरी दिवा जसाच्या तसा, तर डायनेमो काही बनवत नाही. रेस वाढवली की दिवा एकदा मंद होऊन मग उलट जास्त तेजाने लागला, तर मात्र डायनेमोला हात लावू नका. तो भरपूर बनवतोय. कटआउट मिटत नाही किंवा डबीपासून बॅटरीपर्यंतची तार तुटली आहे, म्हणून बनवलेलं पुढे जात नाही. हा एक फरक ओळखता आला असता तर कितीतरी डायनेमो विनाकारण भरायला गेले नसते.

कटआउट न मिटण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे लाकडी केबिन. जुना ट्रक कारखान्यातून चेसिस आणि पुढचा काउल (डॅशच्या पुढचा पत्रा) एवढाच यायचा. केबिन आणि बॉडी बांधायचे ते इथले सुतार, सागाच्या चौकटीवर पत्रा ठोकून. काम मजबूत, पण लाकडातून करंट वाहत नाही. डबी मूळ जागेवरून काढून लाकडी फळीवर ठोकली असेल, तर तिचा सगळा अर्थ ‘ई’ स्क्रूच्या एका तारेवर अवलंबून असतो. ती तार सैल झाली की कटआउटच्या आणि रेग्युलेटरच्या, दोन्हींच्या बारीक कॉइलना करंट मिळत नाही. कटआउट मिटत नाही, आणि रेग्युलेटर आवरत नाही म्हणून डायनेमो बेफाम चढतो. तार हलती असेल तर कधी चार्जिंग बंद, कधी बॅटरी उकळते, दिवा लुकलुकतो. खड्ड्यात लुकलुकणारा दिवा दिसला की मी सगळ्यात आधी ‘ई’ची तार बोटाने हलवून बघतो.

यानंतर खरी चाचणी, चालू गाडीवर व्होल्ट कुठे गळतात ती. बॅटरी आधी व्यवस्थित चार्ज केलेली हवी. रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास, आणि हायड्रोमीटरला (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजणाऱ्या नळीला) सगळ्या खणांचं माप जवळपास सारखं. एखादाच खण खाली असेल तर बॅटरीच गेली, पुढचं सगळं मोजमाप फसवं येईल. डायनेमोचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून अर्धा इंच दबला पाहिजे. मग इंजिन सुरू करून मध्यम रेसवर ठेवा, हेडलाइट लावा. लाइट लावणं विसरू नका. करंट वाहिल्याशिवाय खराब सांधाही चांगलाच दिसतो, म्हणूनच नुसत्या टेस्ट दिव्याने हे दोष सापडत नाहीत. टेस्ट दिवा तारेच्या एका जिवंत केसावरही लागतो.

मोजणी अशी. मीटर कमी व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवा. एक पिन डायनेमोच्या ‘डी’ स्क्रूवर, दुसरी थेट बॅटरीच्या प्लस खांबावर. क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत गळतात. मग एक पिन डायनेमोच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या मायनस खांबावर. ही अर्थच्या वाटेतली गळती. डबीसकट प्लसच्या बाजूने अर्धा व्होल्टपर्यंत चालतो, अर्थच्या बाजूने पाव व्होल्टच्या वर गेला तर दोष आहे असं समजा.

मारेगावकडच्या एका ट्रकवर हेच केलं. डायनेमो नुकताच भरलेला, बॅटरी कोरी. डायनेमोच्या ‘डी’ आणि बॉडीमध्ये १४.१ व्होल्ट, उत्तम. बॅटरीच्या दोन खांबांवर १२.५. म्हणजे १.६ व्होल्ट बेपत्ता. प्लसच्या बाजूने मोजले तर ०.४, चालण्यासारखे. अर्थच्या बाजूने १.२! आता पिन एकेक पाऊल सरकवायची. बॅटरीच्या मायनस खांबापासून चेसिसपर्यंत जवळजवळ शून्य. डायनेमोच्या बॉडीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत शून्य. इंजिन ब्लॉक ते चेसिस, तिथे सगळे १.२ उभे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला चेसिसशी जोडते ती फक्त एक विणलेली तांब्याची पट्टी. ती चिखलात हात घालूनच सापडली. वरून काळी माती वाळून दगड झालेली, ती खरवडल्यावर हिरवट पडलेली पट्टी, अर्धे धागे तुटलेले, आणि तिच्या बोल्टखाली चेसिसला नंतर कोणी मारलेला ऑइलपेंट. पट्टी रंगावर कसलेली होती. करंट मग जमेल तिथून जात होता, अॅक्सिलरेटरच्या रॉडमधून, स्पीडोमीटरच्या केबलमधून. मालकाने सांगितलं, “सेल्फ मारला का ते केबल गरम लागते, वासबी येते.” हे लक्षण तुमच्या गाडीत असेल तर मोजायचीही गरज नाही, सरळ ती पट्टी शोधा.

आपल्या भागात हा दोष जास्त का, तर काळ्या मातीमुळे. ती चेसिसला चिकटली की पाणी धरून ठेवते आणि दिवाळीपर्यंत आतून ओली राहते. त्या ओलाव्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागलेलं असलं की गंज वेगाने धरतो. म्हणून तक्रार बरोबर पावसाळ्यानंतर येते.

दुरुस्ती करताना घाई नको. आधी बॅटरीचं अर्थचं टोक सोडा. चेसिसवरची जागा वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा. पट्टी नवीन आणि जाड घ्या, सेल्फच्या केबलइतकी तरी, कारण सेल्फचा सगळा करंटही तिच्यातूनच परत येतो. दातेरी वायसर घाला, बोल्ट घट्ट कसा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. ग्रीस सांध्याच्या आत नको, बाहेरून. काउल किंवा डॅशच्या पत्र्यापासून चेसिसपर्यंत आणि डबीच्या ‘ई’पासून थेट डायनेमोच्या बॉडीपर्यंत वेगळी तार ओढा. लाकडी केबिनच्या गाडीत या दोन तारा मी दोष नसला तरी टाकतोच. बॅटरीच्या खांबांवर पांढरा-हिरवा थर असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी खणात जाऊ देऊ नका.

प्लसच्या बाजूने जास्त गळती निघाली तर पहिला संशय डॅशवरच्या अँपिअर मीटरवर घ्या. जुन्या गाडीत चार्जिंगचा सगळा करंट केबिनमध्ये त्या मीटरपर्यंत येतो आणि परत बॅटरीकडे जातो. मीटरमागचे दोन नट धक्क्यांनी सैल होतात. वायरचं टोक काळं-निळं पडलेलं आणि प्लास्टिक वितळलेलं दिसलं की समजा, हीच जागा. हाताने बघताना बॅटरी सोडलेलीच असू द्या, तिथे फ्यूज बहुधा नसतो.

मग येतात टेपचे सांधे. दोन तारा पिळायच्या आणि काळी टेप गुंडाळायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मे महिन्यात ४५ अंशात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्या टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, पिळा उघडा पडतो आणि पावसाळ्यात हिरवा होतो. चार्जिंगच्या तारेत असा एकही सांधा ठेवू नका. शक्यतो तार अखंड टाका. जोडावीच लागली तर दाबून बसवलेली थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) किंवा नीट सोल्डर, वरून आकसणारी नळी. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश हवाच. लाकडी केबिनमध्ये पत्रा ठोकताना मारलेला खिळा लडीत घुसलेलाही सापडतो, आणि शेडात उभ्या गाडीत उंदरांनी कातरलेल्या तारा तर दरवर्षीच्या. लड पूर्ण हात फिरवून बघा, नुसती टॉर्च मारून नाही.

चालत्या गाडीत सगळं बरोबर पण सकाळी बॅटरी खाली, असा प्रकार असेल तर तो निराळा दोष आहे. यात कटआउटचे पॉइंट चिकटलेले असू शकतात. मग इंजिन बंद झाल्यावर बॅटरी रात्रभर डायनेमोतून रिकामी होते. थंडीच्या पहाटे, गाडी सुरू करण्यापूर्वी, डायनेमोवर तळहात ठेवा. बाकी इंजिन गार आणि डायनेमो कोमट लागला तर खात्री झाली. पॉइंट साफ करताना कटआउटला बारीक काचपेपरची पट्टी वापरा, एमरी नको, आणि नंतर स्पिरिटने पुसा. वाकलेले, जळालेले असतील तर डबी बदलणं बरं. काही जण अशा वेळी डबी काढून डायनेमोची तार थेट बॅटरीला देतात, किंवा ‘डी’ आणि ‘एफ’ कायमचे जोडून टाकतात. कृपा करून हे करू नका. पहिल्यात इंजिन बंद पडताच बॅटरी डायनेमोला मोटर समजून जाळते, दुसऱ्यात बॅटरी उकळून फुटते.

हे सगळं स्वच्छ निघालं, तरच डायनेमोकडे वळा. लुकास पद्धतीत ‘डी’ आणि ‘एफ’च्या दोन्ही तारा सोडा, डायनेमोचे ते दोन स्क्रू एका उघड्या तारेने जोडा, मीटरची एक पिन तिथे आणि एक बॉडीवर. इंजिनची रेस आयडलपासून हळूहळू वाढवा. व्होल्ट सरसर चढले पाहिजेत. २० पर्यंत गेले की थांबा, पुढे रेस देऊ नका. अर्धा-एक व्होल्टवरच अडकला तर फील्डचा दोष, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचा, संशय. कार्बन झिजलेत का, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडलाय का, ते आधी बघा. कार्बन बदलून भागत असेल तर भरायला देण्यात अर्थ नाही. भरून आणलेला डायनेमो बसवल्यावर ‘एफ’ची तार सोडून त्या स्क्रूला बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श द्या, म्हणजे ध्रुव बरोबर बसतात. हे राहून गेलं की नवा डायनेमो उलटा चार्ज करतो आणि भरणाऱ्यावर नाहक आळ येतो.

डायनेमो काढून आल्टरनेटर (वीज बनवणारं नव्या पद्धतीचं यंत्र) बसवलेल्या गाड्याही आता खूप आहेत. त्यात जुनी डबी वायरिंगमध्ये तशीच लोंबकळत ठेवलेली असते, ती पूर्ण काढा. डायनेमोची तार २२ अँपिअरच्या हिशोबाची, आल्टरनेटर त्याहून बराच जास्त देतो, तेव्हा त्याच्या ‘बी प्लस’ टोकापासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार आणि फ्यूज हवा. चार्जिंगच्या बल्बमधूनच आल्टरनेटरला सुरुवातीची चेतना मिळते. तो बल्ब उडाला किंवा त्याजागी एलईडी लावला, तर मोठी रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. आणि चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग आहे का’ बघण्याची जुनी सवय इथे चालणार नाही, आल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जातात.

काम संपलं की हेडलाइट लावून तीन आकडे पुन्हा घ्या: बॅटरीच्या खांबांवर किती, प्लसच्या वाटेत किती, अर्थच्या वाटेत किती. बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवेत, आणि उन्हाळ्यात खालच्या आकड्याकडे असले तर चांगलंच, पाणी कमी उडतं. हे तीन आकडे तारखेसकट केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीत अर्थचा आकडा ०.१ वरून ०.५ झालेला दिसला, तर बॅटरी बसायच्या आधीच कोणत्या बोल्टपाशी जायचं ते कळलेलं असेल.